लायसन्सचा अभ्यास



बारावीचा निकाल लागला की घराघरांत मोटारसायकलचा विषय निघतो. कॉलेज लांब असते आणि एस.टी.ची वेळ जुळत नाही. मग बाप उसनवारी करून गाडी घेतो आणि लायसन्सचे काम मागे राहते.

अशाच दिवसांत शेजारचा मुलगा आमच्याकडे आला. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली. म्हणाला, "जयभीम काका. लर्निंगची परीक्षा द्यायचीय. ऑनलाइनवाला म्हणतो, पैसे दे, आधारचा ओटीपी सांग, बाकीचं मी बघतो."

आम्ही म्हणालो, "बाळा, परीक्षा तो देईल, पण गेवराईच्या रस्त्यावर गाडी तूच चालवणार ना?" तो गप्प झाला. आम्ही त्याला तिथेच बसवून घेतले.

पूर्वी या परीक्षेसाठी बीडला किंवा अंबाजोगाईला परिवहन कार्यालयात जावे लागे. आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडे. २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या परीक्षा देता येते. सोय चांगली झाली. पण घरी पर्यवेक्षक नसतो, म्हणून दुसऱ्यालाच बसवण्याची वाटही सोपी झाली. आता पर्यवेक्षक आपणच व्हायला हवे.

अभ्यास फार नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे चार गोष्टी विचारतात : रस्त्यावरची चिन्हे व नियम, अपघात झाल्यास चालकाचे कर्तव्य, रेल्वेचे विनाफाटक क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी आणि गाडीसोबत ठेवायची कागदपत्रे. शंभरात साठ गुण मिळाले की पास.

आमच्या या विद्यार्थ्याने उत्तरे घोकली होती, पण चिन्हांचा अर्थ कळला नव्हता. आम्ही आकार सांगितले. गोल पाटी म्हणजे हुकूम : लाल कडेची असेल तर बहुधा मनाई, निळी असेल तर तसेच वागा. त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना. चौकोन म्हणजे माहिती. एवढे ध्यानात आले की निम्मी चिन्हे आपोआप ओळखू येतात.

रेल्वेच्या प्रश्नाला तो हसला. "आपल्याकडं रेल्वे कुठंय, काका?" परळीला ती कधीचीच आहे आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे गाडी सुटली, हे त्याच्या लक्षात आणून दिले. फाटक व राखणदार नसेल तर थांबायचे, सोबत कोणी नसल्यास स्वतः उतरून दोन्ही बाजू पाहायच्या आणि मगच जायचे, असे कायदाच सांगतो.

रात्री समोरून गाडी आली की लाईट खाली करायचा, हाही एक नियम. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो. समोरच्याचे डोळे दिपले तर त्याला ट्रॉली दिसायची कशी? अपघात झालाच तर पळून जायचे नाही. जखमीला दवाखान्यात पोचवायचे, १०८ ला फोन करायचा, पोलिसांना कळवायचे.

आता पालकांसाठी दोन शब्द. सोळाव्या वर्षी स्कूटी चालते, असे अनेकांना वाटते. ती सूट फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला आहे, बाजारातल्या नेहमीच्या स्कूटरला नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलालाही २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. शिवाय गाडीमालक लायसन्सविना चालवताना दगावला, तर त्याच्या अपघात विम्याची रक्कम घरच्यांना मिळणे कठीण. कमावता माणूस गेला आणि वर कर्जाचे हप्ते उरले, अशी पाळी कोणत्याही घरावर येऊ नये.

तो मुलगा पहिल्या खेपेस नापास झाला. तोंड पाडून आला. पुन्हा फी भरली, चार संध्याकाळी बसला आणि स्वतःच्या बळावर पास झाला. प्रश्न विचारायला त्याची धाकटी बहीण बसत असे. तिची चिन्हे त्याच्याआधी पाठ झाली! पुढच्या वर्षी तिलाही १८ पूर्ण होतील. तिचाही अर्ज भरायचे तिच्या आईने ठरवले आहे.

लर्निंग सहा महिने चालते. ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोवर गाडीला लाल 'एल' लावा, डोक्यावर हेल्मेट घाला आणि शिकवणाऱ्याखेरीज मागे कोणालाही बसवू नका. मित्रालाही नाही.

जयभीम!