अरुंधतीचा अपराध कोणता?

संपादक महाशय,



गतांकातील पत्रलेखकांनी ‘आई कुठे काय करते’ या मालिकेतील अरुंधतीवर कुटुंबद्रोहाचा जो आरोप ठेवला आहे, तो दप्तरी तसाच दाखल राहू नये, म्हणून हा खुलासा. सासू-सासरे, तीन मुले आणि स्वयंपाकघर यांपलीकडे जिने स्वतःसाठी काहीच राखले नव्हते, त्या गृहिणीला पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पती अनिरुद्धचे संजना या दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध कळावेत आणि तरीही संसार मोडल्याचे खापर तिच्याच माथी फुटावे, हा निवाडा न्यायाचा नव्हे. संसार अनिरुद्धने मोडला. अरुंधतीने ते सत्य उघडपणे मान्य केले, एवढेच.

माझी तक्रार निराळी आहे, आणि ती कथानकाविषयी आहे. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वर आधारलेली ही मालिका डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली; इतक्या दीर्घ दैनंदिन प्रक्षेपणास नित्य नवे संकट लागते, हे मी जाणते. परंतु पुढे आशुतोषशी विवाह करून अरुंधतीने मोठ्या धैर्याने मिळवलेले सहजीवन त्याच्या अपघाती मृत्यूने हिरावून घेतले गेले, तेव्हा तिच्या निर्णयाची परिणती तिच्या स्वभावातून न घडता केवळ योगायोगाच्या हुकमाने घडली. पात्राचे दुःख त्याच्या कृतीतून उगवले, तरच ते प्रेक्षकाच्या अंतःकरणास भिडते. बाहेरून लादलेले दुःख कथा लांबवते, पण तिला खोली देत नाही.

दोष द्यायचाच, तर तो या रचनेस द्यावा, अरुंधतीस नव्हे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक