घरचा खेळ : फिरत्या दाराची चकती

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके. एका बाजूस सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी, दुसऱ्या बाजूस वरंध, आंबेनळी आणि कशेडी या घाटांचे डोंगर. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अतिवृष्टीचा इशारा आला की शाळा बंद राहतात, मुले घरात थांबतात. जुलै २०२१ मधील महाडचा पूर आणि तळिये गावावर कोसळलेली दरड ज्यांनी पाहिली, त्यांना या सावधगिरीचे कारण सांगावे लागत नाही.

चातुर्मासाचा काळही हाच. सकाळची पाठशाळा आटोपून घरी आलेल्या मुलांसमोर लांबलचक दुपार पसरलेली असते. वीज असेल तर मोबाइल हाती येतो, आणि मोबाइलवरील कितीतरी खेळांत एक रंगीत चक्र फिरताना दिसते. मूल बटण दाबते, चक्र गरगरते, मूल डोळे लावून बसते आणि चक्र थांबले की बक्षीस लागले किंवा हुकले एवढेच त्याला कळते. चक्र कोठे थांबावे यात त्याच्या हाताचा, डोळ्याचा किंवा बुद्धीचा काहीही वाटा नसतो. जत्रेतील आकड्यांच्या चक्रासमोर उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसाची स्थिती याहून वेगळी नसते.

फिरणाऱ्या चक्राचा याच्या अगदी उलट उपयोग जैन कथासाहित्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मनुष्यजन्म किती दुर्लभ आहे हे समजावण्यासाठी उत्तराध्ययनाच्या निर्युक्तीत दहा दृष्टांतांची नावे येतात. त्यांपैकी तीन खेळाच्या जगातले आहेत : पाशक, द्यूत आणि चक्र. पाशक आणि द्यूत या दृष्टांतांत फाशांचे दान अनुकूल पडणे जवळजवळ अशक्य कसे, हे दाखविले आहे. चक्राच्या दृष्टांतात मात्र फासा नाही. तेथे राधावेध आहे.

इंद्रपूरच्या इंद्रदत्त राजाला बावीस पुत्र होते. शिवाय अमात्याच्या कन्येपासून झालेला सुरेंद्रदत्त नावाचा आणखी एक पुत्र होता, पण राजाला त्याची ओळख नव्हती. सर्वांना विद्या शिकविण्याची व्यवस्था झाली. बावीस जणांनी आचार्यांना जुमानले नाही, सुरेंद्रदत्त शिकत राहिला. पुढे मथुरेची राजकन्या निर्वृती स्वयंवरासाठी आली. एका आसावर आठ चाके फिरत होती आणि त्यांच्यापलीकडे राधा नावाची पुतळी होती. फिरत्या आऱ्यांमधून बाण नेऊन पुतळीच्या डाव्या डोळ्याचा वेध घ्यायचा, असा पण होता. बावीसही राजपुत्र चुकले. सुरेंद्रदत्त उभा राहिला तेव्हा चुकल्यास मस्तक उडवण्यासाठी दोन माणसे तलवारी उपसून शेजारी उभी होती आणि भावंडे त्याचे चित्त विचलित करीत होती. त्याने चाकांच्या फिरण्यातील नेमकी संधी ओळखली आणि वेध घेतला.

चक्र तेथेही फिरतेच, परंतु मनुष्य वाट पाहत बसलेला नाही. तो वेळ साधतो आहे. फिरत्या लक्ष्याचा घरगुती खेळ रचणाऱ्याने एवढी एक गोष्ट मनाशी धरली तर पुढील मोजमापे तिच्यातूनच निघतात.

हा भेद कायद्यालाही परिचित आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. ज्या स्पर्धेतील यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सांगितले. मात्र २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, तेव्हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद तेथे ठेवला नाही. सप्तव्यसनांत द्यूताची गणना करणाऱ्या परंपरेला याचे नवल वाटू नये. घरचा खेळ म्हणूनच दोन कसोट्यांना उतरला पाहिजे : त्यात कौशल्याला वाव असावा आणि त्यावर काहीही लावलेले नसावे.

हाताच्या कौशल्याचे खेळ कोकणातील घरांना नवे नाहीत. सागरगोट्यांचा खेळ घ्यावा. अर्धा मीटर वर उडवलेला सागरगोटा पुन्हा हाती येईपर्यंत सुमारे ०.६ सेकंद जातात आणि तेवढ्यात जमिनीवरचे गोटे उचलायचे असतात. हा काळ कोणी घड्याळाने मोजत नाही. सरावाने तो हातातच मुरतो. कॅरममध्ये टिचकीचा जोर आणि कोन यांचे शिक्षण मिळते, पण तेथील सोंगट्या स्थिर असतात. सागरगोट्यांतील वेळेचे भान आणि कॅरममधील टिचकी एकत्र आणली की फिरत्या लक्ष्याचा खेळ तयार होतो, आणि त्यासाठी घरातला कॅरम बोर्डच पुरतो.

फिरत्या भागासाठी एक जुना फिजेट स्पिनर घ्यावा. २०१७ च्या सुमारास ही खेळणी घरोघरी आली आणि पुढे खणात पडून राहिली. त्याच्या मध्यभागी बहुधा २२ मिलिमीटर व्यासाचे बेअरिंग असते. मधली स्थिर टोपी सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी ठोकळ्यावर चिकटवावी आणि ठोकळ्याखाली मऊ कापड लावावे, म्हणजे बोर्डावर ओरखडे उठणार नाहीत. स्पिनरच्या फिरत्या पाकळ्यांवर जाड पुठ्ठ्याची २० सेंटिमीटर व्यासाची चकती बसवावी. चकतीच्या कडेला खाली लोंबणारी पुठ्ठ्याची पट्टी लावावी. ती बोर्डापासून दोन मिलिमीटर वर राहावी. छत्रीसारखी दिसणारी ही चकती बोर्डाच्या मध्यभागी ठेवायची. पट्टीला समान अंतरावर, खालून उघडी अशी चार दारे कापावीत आणि त्यांपैकी एक लाल रंगवावे. बेसलाइनवरून सोंगटीला टिचकी मारायची आणि ती फिरत्या दारातून आत न्यायची, एवढाच खेळ.

दाराची रुंदी अंदाजाने ठरवू नये. चकतीचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर आहे. ती मिनिटाला ३० फेरे घेत असेल तर तिची कड सेकंदाला साधारण ३१ सेंटिमीटर सरकते. हलक्या टिचकीने सोंगटी सेकंदाला एक मीटर वेगाने जाते असे धरू. नियमाप्रमाणे सोंगटीचा व्यास ३.१८ सेंटिमीटरपर्यंत असतो. ती पूर्ण आत जाईपर्यंत ०.०३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात दार एक सेंटिमीटर सरकते. म्हणजे ४.२ सेंटिमीटरचे दार ही किमान मर्यादा झाली; त्याहून अरुंद दारातून सोंगटी कडेला न घासता जाऊच शकणार नाही. सहा सेंटिमीटरचे दार ठेवले तर चुकीला १.८ सेंटिमीटर जागा राहते.

आता वेळेचे गणित पाहावे. बेसलाइनपासून चकतीच्या कडेपर्यंत सोंगटीला सुमारे १५ सेंटिमीटर जायचे असते. त्याला ०.१५ सेकंद लागतात आणि या अवधीत दार सुमारे पावणेपाच सेंटिमीटर पुढे जाते. दार समोर दिसताच टिचकी मारणारा म्हणूनच नेहमी उशीर करतो. दार समोर येण्याच्या आधीच सोंगटी सोडावी लागते. चकती मिनिटाला १० फेऱ्यांपर्यंत मंदावली तर हे अंतर दीड सेंटिमीटरवर येते आणि खेळ स्थिर लक्ष्याचाच होऊन बसतो. ६० फेऱ्यांवर ते नऊ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि लहान मुलांच्या आवाक्यात राहत नाही. ३० फेऱ्यांचा वेग ओळखणे सोपे आहे : दहा सेकंदांत लाल दार पाच वेळा समोरून जावे.

हा वेग काही वेळ टिकावा म्हणून चकती हलकी असून चालत नाही, आणि वजन मध्यभागी देऊनही उपयोग नाही. तेवढेच वजन सर्व चकतीभर पसरण्याऐवजी कडेला दिले तर फिरण्यातील जडत्व दुप्पट होते. कुंभाराच्या चाकाची कड जड असते ती याचसाठी. चकतीवर कडेजवळ, एकमेकांसमोर, समान वजनाचे चार लोखंडी वॉशर चिकटवावेत. एकही कमीजास्त झाला तर चकती डुलू लागते आणि पट्टी बोर्डाला घासते.

खेळाचे नियम थोडकेच असावेत. चकती प्रतिस्पर्ध्याने फिरवावी. खेळणाऱ्याला तीन सोंगट्या मिळाव्यात. प्रतिस्पर्ध्याने सावकाश दहापर्यंत आकडे मोजावेत आणि तेवढ्यात तिन्ही सोंगट्या सोडाव्यात. त्यामुळे चकती थांबण्याची वाट पाहण्याची पळवाट उरत नाही. साध्या दाराला एक गुण, लाल दाराला तीन. आदळून परत आलेली सोंगटी बाद धरावी. पट्टी चिमट्यांनी अडकवली तर ती बदलता येते. लहानग्यांसाठी आठ सेंटिमीटर दारांची, मोठ्यांसाठी सहा सेंटिमीटर दारांची अशा दोन पट्ट्या केल्या की आजी आणि नातू एकाच बोर्डावर बरोबरीने खेळू शकतात. या खेळाला जोर फारसा लागत नाही, हेही वडीलधाऱ्यांच्या सोयीचे आहे.

लक्ष्य म्हणून दारच का, मासा किंवा पक्षी का नको, असे मुले विचारतील. महाभारतातील मत्स्यवेध सर्वांच्या परिचयाचा आहे आणि राधावेधातही पुतळीचा डोळाच फोडायचा असतो. पण यशोधर राजाची कथाही याच परंपरेत सांगितली जाते. आईच्या आग्रहाखातर त्याने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. रक्त सांडले नाही, तरी मारण्याचा संकल्प घडला, आणि त्याचे फळ मायलेकांना कित्येक जन्मांत भोगावे लागले. कथेचा रोख कृतीमागील भावाकडे आहे. मूल दुपारभर जे शंभर वेळा करते त्याची सवय हाताबरोबर मनालाही लागते. चित्रातला पक्षी टिपण्यापेक्षा उघड्या दारातून आत जाणे ही सवय बरी. त्याचबरोबर चकतीवर स्वस्तिक, धर्मचक्र किंवा अन्य पवित्र चिन्हे काढू नयेत. ज्यावर सोंगट्या आदळणार तेथे त्यांना स्थान नाही.

खेळ तयार झाल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. एकाच खेळाडूने वीस सोंगट्या डोळे उघडे ठेवून आणि वीस डोळे मिटून माराव्यात. दोन्ही वेळा नेम चकतीच्या मध्याकडेच असावा. सहा सेंटिमीटर दारांच्या चकतीत डोळे मिटून मारलेल्या नऊ सोंगट्यांपैकी साधारण एक आत जाईल, म्हणजे विसांत दोन किंवा तीन. आठ सेंटिमीटर दारांत विसांपैकी पाच, आणि दहा सेंटिमीटर दारांत सात जातील. डोळे उघडे ठेवून याहून स्पष्टपणे अधिक सोंगट्या आत गेल्या तर रचना योग्य आहे. सरावानंतरही दोन्ही आकडे सारखेच येत राहिले तर ते पाहणारा डोळा आणि न पाहणारा डोळा या खेळात सारखेच ठरले. मग चक्र कितीही सुंदर रंगवलेले असो, त्याची जात जत्रेतल्या चक्राचीच. अशा वेळी चकतीचा वेग तपासावा, दारे अरुंद करावीत आणि पुन्हा मोजावे.

मोबाइलवरील चक्राला ही परीक्षा लावून पाहण्यास मुलांना सांगावे. वीस वेळा डोळे उघडे ठेवून आणि वीस वेळा मिटून बटण दाबले तर काय फरक पडतो, हे त्यांनी स्वतः लिहून काढावे. उपदेशाने जे पटत नाही ते कित्येकदा दोन रकान्यांच्या नोंदीने पटते.

विजेत्याला बक्षीस ठेवू नये. खाऊ द्यायचा असेल तर प्रभावनेसारखा सर्वांना सारखा द्यावा. त्याऐवजी घरात एक वही असावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे तारीख व विसांपैकी आत गेलेल्या सोंगट्या लिहाव्यात. आषाढात सुरू केलेल्या वहीत पर्युषणापर्यंत पाने भरतील. तेव्हा मुलाने आपला पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून पाहावा; शेवटचा मोठा असेल तर तो कोणत्या दिवसांपासून वाढू लागला, हेही त्याला त्याच पानांवर सापडेल.