उसाची नोंद आहे, तोडणाऱ्याची नाही

गाळपाचा हंगाम सुरू असेपर्यंत पुण्याच्या साखर संकुलात, साखर आयुक्तालयात, रोज एक तक्ता तयार होतो. राज्यात किती कारखाने चालू आहेत, आजवर किती टन ऊस गाळला, किती क्विंटल साखर पोत्यांत पडली, कोल्हापूर विभागाचा साखर उतारा किती, सोलापूरचा किती, नांदेडचा किती. उतारा टक्क्याच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला जातो, कारण त्यावर शेतकऱ्याच्या घरात येणारा पैसा ठरतो. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे असा दर केंद्राने ठरवला होता. ऊस कुणाच्या रानात आहे, कोणत्या जातीचा आहे, लागण कोणत्या तारखेची, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला पाठ असते. २०२२ मध्ये तर शेतकऱ्याला घरबसल्या उसाची नोंद करता यावी म्हणून साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊसनोंदणी’ हे ॲपही आणले.

ही मोजणी चांगली आहे. शेतकऱ्यांनी ती काट्यावर उभे राहून, रस्त्यावर उतरून, लाठ्या खाऊन मिळवलेली आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की त्या तक्त्यात माणसांचा रकाना नाही.

हा सगळा ऊस कोयत्याने तोडतात ते लोक किती आहेत? कुणी आठ लाख सांगतो, कुणी बारा, कुणी पंधरा. मंत्री एक आकडा देतात, संघटना दुसरा, अभ्यासक तिसरा. साखरेच्या पोत्यांत एवढी तफावत निघाली असती तर चौकशी बसली असती, अधिकारी निलंबित झाले असते. इथे काही लाख माणसांची तफावत आहे, आणि पिढ्या उलटल्या तरी ती कुणालाही टोचलेली नाही.

या माणसांची नोंद कुठेच नाही असे मात्र नाही. ती टोळी पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याने आगाऊ उचल किती घेतली, खेपा किती भरल्या, खाडे किती झाले, फिटले किती आणि पुढच्या सालावर बाकी किती गेली, हे तिथे तारखेनिशी लिहिलेले असते. सोबत आधारकार्डाची झेरॉक्स आणि स्टॅम्पपेपरवरचा अंगठा. महाराष्ट्रात ऊसतोड मजुराची सर्वांत अचूक नोंद आहे ती त्याच्या कर्जाची. पैसे वसूल करायचे असले की आपल्याला माणूस नावागावासकट सापडतो. त्याच माणसाच्या बायकोला लोहाच्या गोळ्या द्यायच्या असल्या, पोराला शाळेत बसवायचे असले, की तो सापडत नाही.

मोजले नाही म्हणून काय झाले, ते बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये दाखवले. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न उठला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात घरोघर सर्वेक्षण झाले. ८२,३०९ बायकांना विचारले. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्या काळच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के होते.

हे एका वर्षात घडलेले नव्हते. आदल्या दहा-वीस वर्षांत एकेक बाई दवाखान्यात गेली. रानात संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, डोक्यावर मोळी आहे, अंग दुखते, पांढरे जाते. एक दिवस बसली तर खाडा पडतो आणि दंड कापला जातो. डॉक्टर सांगतो, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. ती कर्ज काढून पिशवी काढून घेते आणि काही आठवड्यांत पुन्हा फडात उभी राहते. प्रत्येक शस्त्रक्रियेचा कागद त्या त्या रुग्णालयात होता. हे कागद जिल्ह्याच्या पातळीवर एकत्र करून कुणी वर्षाला एकदा जरी बेरीज केली असती, तरी पाचव्या-सहाव्या वर्षी हा आकडा कुणाच्याही डोळ्यांत खुपला असता. बेरीज करण्याचे काम कुणाचेच नव्हते. ज्या दिवशी बेरीज झाली, त्यानंतर पावलेही पडली: जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी अट प्रशासनाने घातली. एका मोजणीने एवढे झाले. मग त्याआधीच्या प्रत्येक वर्षाचा जाब कुणी द्यायचा?

सरकारी खाती माहिती गोळा करत नाहीत, असे म्हणणे खोटे ठरेल. गोळा करून करून गावपातळीवरची माणसे थकली आहेत. पाटोद्याच्या किंवा धारूरच्या एखाद्या गावातले एकच कुटुंब घ्या. मास्तर पोरांची नावे ‘सरल’वर भरतात. अंगणवाडी ताई धाकट्याचे वजन पोषण ट्रॅकरवर टाकतात. सिस्टर गरोदर बाईची नोंद आरसीएच पोर्टलवर करतात. रेशनकार्ड ऑनलाइन आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम कार्ड आले. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकाने द्यायचे ओळखपत्र वेगळेच. सहा ठिकाणी तेच नाव, तेच आधार, तोच मोबाइल नंबर. आणि दिवाळीनंतर एका पहाटे हे कुटुंब भांडीकुंडी, शेरडू आणि पोरे घेऊन ट्रकमध्ये चढते, तेव्हा या सहांपैकी एकही यादी दुसरीला ते सांगत नाही. सहा महिन्यांची गरोदर बाई शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या फडावर पोहोचते. तिच्या गावच्या आशाताईंना ती गेल्याचे माहीत असते, तिथल्या आशाताईंना ती आल्याचे माहीत नसते. बाळंतपण कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, होते. बाळाचे पहिले वजन होत नाही, पहिली लस चुकते. कागदावर ती बाई मात्र अजून बीडमध्येच आहे.

तंत्राची अडचण आता राहिलेली नाही. पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवण्याची सोय आहे. रेशनकार्डावरचे धान्य दुसऱ्या जिल्ह्यात उचलता येते. घरातल्या काहींनी गावी आणि काहींनी बाहेर उचलावे, असेही चालते. बँकेत टाकलेला पैसा दुसऱ्या टोकाला त्याच मिनिटाला निघतो. अडते ते दुसऱ्या टोकाला हात पुढे करणारे कुणी नसल्यामुळे. ज्या गावाच्या शिवारात कोप्या पडतात, त्या गावाला ही माणसे आपली वाटत नाहीत. ग्रामपंचायत म्हणते, ती कारखान्याची आहेत. कारखाना म्हणतो, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो, माझी त्यांच्याकडे बाकी आहे. नागरिक म्हणून ती कुणाची आहेत, या प्रश्नाला सहा महिने उत्तर नसते.

शाळेचे उदाहरण तर मला फार लागते. कोणत्या शाळेत किती शिक्षक द्यायचे, हे संचमान्यतेत ठरते, आणि तिच्यासाठी धरला जातो ३० सप्टेंबरचा पट. त्या दिवशी ऊसतोड्यांची पोरे गावी असतात. पाच-सहा आठवड्यांत ती निघून जातात. गावच्या शाळेत नावे राहतात, कारखान्याच्या परिसरातल्या शाळेकडे पोरे असतात पण नावे नसतात, म्हणून त्यांच्यासाठी शिक्षकही नसतो. हंगामी वसतिगृहे निघाली, साखरशाळा निघाल्या, शिक्षण हमी कार्ड निघाले. या सगळ्यांमागे कळकळीची माणसे होती आणि त्यांनी हजारो पोरांना वाचवले. पण कार्ड घेऊन आलेल्या पोराला नव्या शाळेने त्याच आठवड्यात बसवून घेतले की नाही, हे जुन्या शाळेला कळवणारी वाट तयार झाली नाही. कार्ड ट्रंकेत राहते आणि पोर फडात वाढे बांधते.

याच महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने तीन दिवसांत शाळांची पटपडताळणी केली होती. पटावर असलेली पण वर्गात न सापडलेली मुले सुमारे २० लाख निघाली. अनुदान, पोषण आहार, शिक्षकांची पदे यांसाठी नसलेली मुले कागदावर जन्माला घातली गेली होती, आणि ती घालणाऱ्यांत शिकलेले, प्रतिष्ठित, गावोगावी सत्कार झालेले संस्थाचालक होते. नसलेल्या मुलांची नोंद करण्याची ज्या समाजात एवढी हुशारी आहे, त्याच समाजात फडावर बसलेले, हाडामांसाचे, नाक वाहणारे पोर मोजायला कुणी जात नाही. हे अज्ञान मानायला माझे मन तयार नाही. ही निवड आहे. ज्या नोंदीतून आपल्याला मिळते ती आपण करतो, जिच्यातून आपल्याला द्यावे लागते ती टाळतो.

ही निवड कुणी केली, तेही बोलले पाहिजे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे अध्यक्ष आणि संचालक कुणी परके नाहीत. तेच आमदार आहेत, खासदार आहेत, शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष आहेत. कोपीत राहणारी माणसे बहुतेक वंजारी, बंजारा, दलित, आदिवासी आणि भटक्या जमातींची, दुष्काळी तालुक्यांतली, आणि मतदानाचे गाव दुसरीकडे असलेली. ज्यांचे मत आपल्या मतदारसंघात नाही त्यांची मोजदाद करून काय मिळणार, हा हिशेब यामागे आहे. आणि बाकीचे आपण? साखरेचा दर दोन रुपयांनी वाढला की आपण वर्तमानपत्रात पत्र लिहितो. त्या साखरेच्या वाटेवर किती बायकांची शरीरे मोडली, हे विचारायला आपण २०१९ उजाडू दिले.

सहकारी साखर कारखानदारीच्या जन्माची आठवण करून दिली पाहिजे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभे होते धनंजयराव गाडगीळ. ते त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुखही. घरोघर जाऊन माणसे कशी राहतात, काय कमावतात, काय खातात याची शिस्तीने पाहणी करण्याची परंपरा त्या संस्थेने या प्रांतात रुजवली. पुणे शहराची तिने केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी आजही अभ्यासली जाते. त्याहून मागे, १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावच्या माणसांकडून उपासमारीची माहिती मिळवली आणि ती मुंबई सरकारपुढे ठेवली. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे सांगितले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तिच्या मुलांच्या शिक्षणावर मात्र तो खर्च होत नाही. मोजणे आणि ते मोजलेले चव्हाट्यावर मांडणे हे या मातीत सुधारकांचे हत्यार होते. सहकाराने ते गाडगीळांकडून वारशाने घेतले, उसासाठी आणि साखरेसाठी वापरले, आणि कोयत्यापाशी येऊन खाली ठेवले.

पैसा नाही, हे कारण टिकत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने हे कल्याण महामंडळ झाले आणि गाळलेल्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी द्यायचे ठरले. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात १३ कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. म्हणजे एका हंगामाचेच १३० कोटी. कारखान्याने किती द्यायचे ते टनावरून क्षणात निघते, कारण टन मोजलेले आहेत. ते कुणाला द्यायचे इथे मात्र गाडी थांबते. यादी नसेल तर विमा कुणाचा उतरवायचा? बैलगाडीखाली, ट्रॉलीखाली सापडून मेलेल्या माणसाच्या वारसाने तो ऊसतोड मजूर होता हे कशाने सिद्ध करायचे? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये जो कायदा झाला, त्यात प्रत्येकाला फोटोचे पासबुक देण्याची तरतूद होती. बीडहून बेळगावला, बागलकोटला जाणाऱ्या किती मजुरांनी ते पासबुक पाहिले, ते कुणीही फडावर जाऊन विचारावे.

अशी यादी करण्यात एक धोका मात्र गंभीर आहे. मुकादमाकडची यादी पळालेल्या मजुराला शोधून ओलीस धरण्यासाठी वापरली जाते, हे उघड आहे. सरकारने एक मोठी यादी करून ती सगळ्यांच्या हाती दिली, तर तीही बेडीच होईल. गर्भपिशवी काढलेल्या बाईची नोंद कारखान्याच्या किंवा मुकादमाच्या नजरेस कधीही पडता कामा नये. उचलीची बाकी आरोग्याच्या यादीशी जोडता कामा नये. जिथे कुटुंब जाते तिथल्या आरोग्य उपकेंद्राला त्यातली गरोदर बाई आणि लहान बाळ कळावे, शाळेला पोराची इयत्ता कळावी, रेशन दुकानाला डोकी कळावीत. ज्याला जे काम करायचे आहे त्याला तेवढेच, आणि घरच्या बाईला विचारून. एकूण आकडे मात्र उघडे असावेत. रोजच्या त्या तक्त्यात, गाळप आणि उतारा यांच्या शेजारी, प्रत्येक कारखान्याच्या हद्दीत किती कोयते आहेत, त्यांच्याबरोबर चौदा वर्षांखालची मुले किती, शाळेत किती, त्या पंधरवड्यात बाळंतपणे किती झाली आणि त्यांपैकी दवाखान्यात किती, हे छापले जावे. ज्या कारखान्याला रोजचा उतारा कळवता येतो, त्याला हेही कळवता येईल. कळवले नाही तर गाळप परवाना देताना विचारणा व्हावी.

जनगणना दारात आहे. तिचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे आणि माणसांची गणना त्याआधीच्या फेब्रुवारीत व्हायची आहे. फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. २०११ मध्येही ती ९ ते २८ फेब्रुवारीलाच झाली होती, आणि त्या सबंध काळात जो घरी नसतो त्याची गणना त्या घरात होत नाही. केज, गेवराई, शिरूर कासार, मंठा इथली कुलूपबंद घरे प्रगणक ओलांडून जातील, आणि पंचगंगेच्या, कृष्णेच्या, नीरेच्या काठच्या कोप्यांपर्यंत त्याला कुणी नेले नाही तर ही माणसे आणखी दहा वर्षे देशाच्या हिशेबात नसतील. प्रत्येक कारखान्याच्या शेतकी खात्याला आपली कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरली आहे हे रोज माहीत असते, कारण त्याशिवाय तोडणीचा प्रोग्रॅम लागत नाही. ती शिवारांची यादी जानेवारी २०२७ संपण्याआधी तहसीलदारांकडे गेली पाहिजे, आणि तिथल्या सरपंचाने, शिक्षकाने, आशाताईने प्रगणकाला सोबत घेऊन संध्याकाळी, तोडणीवरून माणसे परतल्यावर, कोप्याकोप्यांत फिरले पाहिजे. कारखान्यांच्या अध्यक्षांनी हे आपणहून करावे. नाही केले तर प्रत्येक सभासद शेतकऱ्याने येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून त्यांना विचारावे, की आमच्या उसाची एकेक मोळी तुम्हाला ठाऊक आहे, मग ती बांधणाऱ्यांची यादी कुठे आहे.