मावल्यावरून ड्रोन उडण्यापूर्वी

पावसाळ्यात आदिलाबाद जिल्ह्यातील ओढे एका रात्रीत भरतात आणि गुड्यांकडे जाणारी वाट तुटते. पलीकडे कोण अडकले आहे, कोणास दवाखान्यात नेणे अगत्याचे आहे, हे अलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या शिपायास कळत नाही. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या निर्मल जिल्ह्यातील कडम धरणावर पाण्याचा असा लोंढा आला की, खालच्या गावांतील लोकांस घरेदारे सोडावी लागली. अशा वेळी वरून पाहणारा एक डोळा हवा, असे कोणास वाटणार नाही? तेव्हा पोलीस व अग्निशामक दलांनी ड्रोन बाळगावेत की नाही, हा वाद आम्ही घालीत नाही. ते अवश्य बाळगावेत. आमचे म्हणणे निराळे आहे. मावल्यासारख्या गावावरून हे यंत्र नित्य उडू लागण्यापूर्वी ते कशासाठी उडणार, हे गावास विचारून ठरले पाहिजे.

उत्तराखंडात २०१३ साली महापूर आला, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने अडकलेल्यांच्या शोधासाठी ‘नेत्र’ नावाचा ड्रोन वापरला. मुंबईच्या आय. आय. टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांच्या कंपनीचे हे काम. (त्याच मंडळींचे एक उडते यंत्र आमच्या विद्यार्थी मित्रांनी ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात पाहिले असेल.) अर्थात् यंत्र म्हणजे जादू नव्हे. लहान ड्रोनची बॅटरी अर्ध्यापाऊण तासात संपते, आणि मुसळधार पावसात व सोसाट्याच्या वाऱ्यात, म्हणजे नेमका गरजेच्या घटकेला, तो बहुधा जमिनीवरच राहतो. हे ठाऊक नसलेला अधिकारी नावाड्यास घरी पाठवील आणि फसेल.

अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या पोलिसांनी सरकारी अनुदानातून दोन ड्रोन घेतले. नगरवासीयांस ही गोष्ट २०१२ साली कळली. मग सभांतून असा क्षोभ उसळला की, फेब्रुवारी २०१३ मध्ये महापौरांनी योजनाच गुंडाळली. यंत्रात दोष नव्हता. लोकांस विचारले नव्हते, हाच दोष. याउलट कॅलिफोर्नियातील चुला व्हिस्टा येथील पोलीस २०१८ पासून मदतीची हाक येताच ड्रोन धाडतात आणि कोणते उड्डाण कशासाठी झाले, ते नकाशावर सर्वांस दाखवितात. तेथेही चित्रफिती कोणी पाहाव्यात यावरून कज्जा न्यायालयात गेलाच. परंतु योजना टिकली.

आपल्याकडे २०२१ चे ड्रोन नियम आहेत. लष्कर, नौदल व वायुदल यांचे ड्रोन त्यांतून वगळले आहेत, पोलिसांचे नाहीत. पण हे नियम मुख्यतः आकाशाची व्यवस्था लावतात: कोठे उडावे, किती उंच उडावे, कोणी उडवावे. मावल्याच्या तलावावर धुणे धुणाऱ्या बाईचे चित्र टिपले गेले, तर ते किती दिवस ठेवावयाचे व कोणी पाहावयाचे, हे त्यांतून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो हक्क अंगणातही असतो, माजघरातच नव्हे.

आणि विचारावयाचे ते कोणत्या भाषेत? या जिल्ह्यात तेलुगू आहे, मराठी आहे, गोंडी आहे, उर्दू आहे. केवळ कचेरीच्या भाषेत लिहिलेला फलक ठाण्याच्या भिंतीवर लावला, तर तो अर्ध्या गावास मुका. ड्रोन पूर, आग, हरवलेले मूल, महामार्गावरील अपघात यांसाठी उडेल; मोर्चावर नजर ठेवण्यास किंवा घरांवर घिरट्या घालण्यास उडणार नाही; काम नसलेले चित्रण अमुक दिवसांत पुसले जाईल; तक्रार अमुक अधिकाऱ्याकडे करावी: एवढे चारही भाषांत लिहून चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावे. गोंडीसाठी तर वाचून दाखविणेच बरे.

ड्रोन चालविण्याच्या प्रमाणपत्रास वयाची अठरा वर्षे, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण एवढे पुरते. मग उडविणारी माणसे दूरच्या शहरातूनच का आणावीत? ओढ्यापलीकडची वाट व तेथली बोली जाणणारी मुले-मुली याच वर्गांतून बाहेर पडत आहेत. दलाने पहिला ड्रोन विकत घेण्याआधी त्यांतील दोघा-तिघांस शिकवावयास पाठवावे.