फेरफार रजिस्टर रद्दी नव्हे

१/ ‘सातबारा ऑनलाइन आला, आता फेरफाराची जुनी रजिस्टरे कशाला?’ हा प्रश्न इतिहासप्रेमीही विचारतात, याचे नवल वाटते.

२/ तालुक्यात गाव, गावात सर्व्हे क्रमांक, त्याच्या पोटात हिस्सा. मुलुंडच्या एका हिश्श्यावर वारस चढवायचा, तर गाव नमुना ६ मध्ये नवा फेरफार लिहिला जाई. सातबाऱ्यावरील जुने नाव खोडत नसत. त्याला कंस करून नव्या फेरफाराचा क्रमांक वर्तुळात मांडत. शेजारच्या हिश्श्यांना धक्का नाही. १९९० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही बदलली ती वरची चौकट. आतले हिस्से तेच राहिले.

३/ फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील अपरिवर्तनीय रचना अशीच अद्ययावत होते: बदलाच्या वाटेवरचे तेवढे नवे, उरलेले जुन्याशी सामाईक. (म्हणून ‘हे आमच्याकडे आधीच होते’ अशी द्वाही फिरवू नये, लिस्प काही तलाठ्याकडून शिकली नाही.)

४/ मात्र जुनी आवृत्ती कोणी धरून ठेवली नाही, तर संगणक तिची जागा मोकळी करतो. दप्तरखान्यात ते काम वाळवी करते. बोरिवलीच्या एखाद्या भूमिपुत्र कुटुंबाने विचारावे, भातखाचरावरून आजोबांचे नाव कसे गेले? चालू उतारा फार तर फेरफाराचा क्रमांक देईल. विक्री, वाटणी की कुळाचा हक्क, हे त्या ‘रद्दी’तच लिहिलेले असते.