दोन भिंगांतला अजिंठा

डोळ्यांवर जाडसर चष्मा चढवून बसल्या जागी लेणी, किल्ले आणि देवळे पाहण्याची सोय आता पर्यटनाच्या बाजारात आली आहे. 'आभासी वास्तव' हे तिचे भारदस्त नाव. कळंबसारख्या तालुक्याच्या गावाला तिचे अप्रूप वाटावे यात नवल नाही. येथून अजिंठ्याला जायचे तर शाळेच्या सहलीचा अख्खा दिवस एसटीतच जातो. मात्र घरबसल्या सारे दिसू लागल्यावर माणसे प्रवासालाच निघणार नाहीत, अशी धास्ती काहींनी घेतली आहे. ती कितपत खरी?

मुळात कल्पना जुनीच आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याची जोडछायाचित्रे काढली आणि 1864 साली ती लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एकच दृश्य दोन डोळ्यांसाठी किंचित निराळ्या कोनांतून टिपायचे आणि दोन भिंगांतून पाहायचे, की सपाट कागदाला खोली येते. आजच्या चष्म्याचे तत्त्व हेच. मान वळवताच दृश्यही वळते, एवढी भर पडली. गिल यांच्या चित्रांनी अजिंठ्याची वाट ओस पडली नाही. (त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या रंगीत प्रतिकृती मात्र 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बहुतेक जळाल्या. मूळ चित्रे भिंतीवर राहिली, नकला गेल्या.)

करोनाच्या साथीचा अनुभवही हेच सांगतो. मार्च 2020 मध्ये मंदिरे बंद झाली आणि पडद्यावरचे दर्शन घरोघर रूढ झाले. तरीही 16 नोव्हेंबरला दारे उघडताच तुळजापुरी भाविक पुन्हा आलेच. नवरात्रात भवानीज्योत घेऊन अनवाणी धावणाऱ्याला मूर्ती कशी दिसते हे ठाऊक नसते, असे थोडेच आहे? चालणे हाच तेथे यात्रेचा अर्धा भाग असतो. आणि चष्म्यात चालण्याचा भास झाला तरी शरीर जागेवरच असते. डोळे एक सांगतात, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरे. अनेकांना भोवळ येते ती त्यामुळेच.

तरीही ही सोय टाकाऊ नव्हे. लेण्यांत माणसांच्या श्वासांतील दमटपणा चित्रांना बाधतो. फ्रान्सने लास्कोची चित्रगुहा 1963 मध्ये लोकांना बंद केली आणि 1983 मध्ये शेजारी प्रतिकृती उभारली. आपणही अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या अर्थसाहाय्याने चार लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य केंद्र बांधले. ते 2018 मध्ये पाणी-विजेच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडले! यंत्राचे नावीन्य आपणास मोहवते, त्याची निगा कोणी ठेवायची हे आपण ठरवीत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहिले, तर या चष्म्याचा खरा उपयोग तेरला आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्राचीन तगरचा व्यापार कोठवर पोचला होता याची ही साक्ष. कळंबचा विद्यार्थी तेरला जाऊ शकतो, नेपल्सला नव्हे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात खरी वस्तू पाहून झाल्यावर त्याला चष्म्यातून पाँपेईचे रस्ते दाखवावेत. त्यासाठी दोन-चार चष्मे, एक जाणता माणूस आणि विजेच्या बिलाची कायमची तरतूद एवढे पुरेल.