‘शक्ती’ अंगणवाडीत कधी येणार?

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. दिवसभर खडी फोडून आलेल्या बायांनी त्याच ज्वारीच्या भाकरी थापल्या. चवीची तक्रार होती, पण त्या धान्याने माणसे जगवली. त्याच वर्षी पाटनचेरूला ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. पुढे या दोन्ही संस्थांच्या सहकार्यातून ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण तयार झाले आणि २०१८मध्ये ते प्रसारित झाले. त्याच्या किलोभर दाण्यात लोह सुमारे ४५ मिलिग्रॅम आणि जस्त ३२ मिलिग्रॅम. साध्या ज्वारीत हेच प्रमाण साधारण ३० आणि २० असते. मदतीच्या धान्यावर जगलेल्या मुलखाने जगाच्या साथीने स्वतःचे पौष्टिक धान्य घडवले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

या धान्याची गरज किती, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने दाखवले आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. २०३०पर्यंत भूक संपवण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठरवले आहे. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरेही झाले. मुत्सद्द्यांनी आणि शास्त्रज्ञांनी आपापले काम केले. अडले आहे ते सरकारी खरेदीपाशी.

ज्वारी सोडून सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. खरिपाची ज्वारी ऐन काढणीला पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि मोंढ्यात भाव पाडून मागितला जातो. त्यात पाखरांची राखण आणि कणसे खुडायला न मिळणारे मजूर. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते, हाती रोख पैसा येतो आणि रान हरभऱ्याला मोकळे होते. पोषणमूल्याला बाजारात वेगळा दर नसेल, तर एकट्या शेतकऱ्याने ते का पिकवावे?

म्हणून हा दर सरकारने दिला पाहिजे. कृषी आणि महिला व बालविकास विभागांनी एकत्र बसून पेरणीपूर्वीच शेतकरी गटांशी ‘शक्ती’च्या खरेदीचे करार करावेत, बचत गटांकडून पीठ करून घ्यावे आणि ते अंगणवाडीच्या आहारात द्यावे. सुरुवात परभणी जिल्ह्यातूनच व्हावी. बियाणे इथले आहे, विद्यापीठ इथले आहे आणि गरजू आया-लेकरेही इथलीच आहेत. येत्या खरिपाआधी हा निर्णय झालाच पाहिजे.